कॅम्पर घेऊन सहा आठवडे: डेन्व्हर, यलोस्टोन, झायन, फिनिक्स (वाटेत तीन नातेवाईकांचे ड्राइव्हवे)

दोन_बॅगा | २ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल नको म्हणून थेट आराखडा देते.

आम्ही दोघं, वय ६६ आणि ६३, दोघांकडेही ग्रीनकार्ड. २५ फुटी क्लास सी कॅम्पर (व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, आतच राहायची गाडी) भाड्याने घ्यायचा विचार आहे. ऑगस्टअखेरीस निघायचं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपवायचं. गाडी दोघंही चालवू. मुलगा-सून डेन्व्हरजवळ, नणंदेची मुलगी सॉल्ट लेक सिटीत, माझा धाकटा भाऊ फिनिक्सला. तिघांकडे मिळून दहा-बारा दिवस, बाकी पार्कांमध्ये.

कच्चा मार्ग असा: डेन्व्हर, बॅडलँड्स, यलोस्टोन, ग्लेशियर, सॉल्ट लेक, झायन, ग्रँड कॅन्यन, फिनिक्स आणि परत डेन्व्हर.

हे झेपण्यासारखं आहे का? बुकिंग कधी करायचं? टाक्या, वीज, स्वयंपाक यात काय चुकतं? आणि नातेवाईकांच्या दारात गाडी लावताना काय बघायचं?

घाटरस्ता | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:४२

ताई, सगळ्यात आधी ग्लेशियर काढा. वेस्ट यलोस्टोनहून वेस्ट ग्लेशियर एका बाजूने जवळजवळ ४०० मैल. इतकं जाऊन तिथला जो मुख्य रस्ता, गोइंग-टू-द-सन, त्यावर अ‍ॅव्हलांच क्रीक ते सन पॉइंट या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडीला बंदी आहे. आरसे धरून ८ फूट. तुमची गाडी दोन्हीत बसत नाही.

बाकीचा मार्ग चांगला आहे, पण एका दिवसात ४०० मैल हे कारचं गणित इथे लावू नका. नकाशा जो वेळ दाखवेल त्यात पाव भाग मिळवा. दिवसाला २०० ते २५० मैल, दुपारी तीनच्या आत मुक्कामावर, एका ठिकाणी किमान दोन रात्री. तीनच्या आत का? कारण अंधारात अनोळखी जागेत २५ फूट मागे घेणं हा डोक्याला ताप असतो आणि झाडाची फांदी छताला लागते ती बहुतेक तेव्हाच.

टप्प्याटप्प्याने:

डेन्व्हर ते बॅडलँड्स ४०० मैलांच्या आसपास. स्कॉट्सब्लफपाशी एक रात्र टाका. बॅडलँड्समध्ये सीडर पास कॅम्पग्राउंडला काही जागांवर फक्त वीज मिळते, पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी नाही. रशमोरला जाताना १६ए म्हणजे आयर्न माउंटन रोड आणि कस्टरमधला नीडल्स हायवे टाळा. नीडल्स आय बोगद्याची रुंदी जेमतेम ८ फूट आहे. कस्टरचा वाइल्डलाइफ लूप मात्र या गाडीने छान होतो.

पुढे बिगहॉर्न पर्वत. कोडीकडे जायला तीन रस्ते: १४ए, १४ आणि १६. १४ए वर १० टक्क्यांचे उतार आहेत, तो नकोच. बफेलोहून टेन स्लीपमार्गे १६ घ्या. पावडर रिव्हर पास ९,६६६ फूट, पण चढ-उतार सौम्य आणि वळणं रुंद. उतरताना टो-हॉल बटण दाबा, म्हणजे गिअर खाली येऊन इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापतात आणि पेडल मऊ पडतं. थोडा जोर देऊन वेग दहाने उतरवायचा, पाय काढायचा, परत दहाने चढू द्यायचा. आपल्या खंबाटकीत ट्रकवाले करतात तेच.

कोडी ते फिशिंग ब्रिज सुमारे ८० मैल, वाटेत सिल्व्हन पास ८,५२४ फूट. यलोस्टोनच्या आत वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजला आहेत. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने कापडी तंबू किंवा कापडी बाजूंचे ट्रेलर चालत नाहीत, टणक भिंतींचीच गाडी लागते. तुमची चालते. पार्कात वेगमर्यादा ४५ मैल, आणि बायसन रस्त्यात उभे राहिले की शून्य.

घाटरस्ता | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

झायनचं वेगळं लिहितो, कारण जुनी माहिती वाचून लोक इथेच फसतील.

झायन–माउंट कार्मेल बोगदा १९३० चा, १.१ मैल लांब, कमानीचा. इतकी वर्षं मोठ्या गाडीला १५ डॉलर भरून समोरची वाहतूक थांबवून सोडायचे. यंदाच्या जूनपासून ते बंद होतंय. ११ फूट ४ इंचांहून उंच, ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ३५ फूट ९ इंचांहून लांब गाडी त्या रस्त्यावर नाही. क्लास सी लांबीत बसते, रुंदीत नाही. तेव्हा सप्टेंबरात झायनला हरिकेन-स्प्रिंगडेलकडूनच आत जायचं आणि तिकडूनच बाहेर पडायचं.

तिथून ग्रँड कॅन्यन साउथ रिमला: हरिकेन, मग ५९ आणि ३८९ ने फ्रेडोनिया, ८९ए ने जेकब लेक, मार्बल कॅन्यन, कॅमेरून आणि ६४ ने डेझर्ट व्ह्यूच्या दाराने आत. साधारण पावणेतीनशे मैल. मध्ये एक मुक्काम करा. आणि घड्याळ सांभाळा: अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, त्याच्या आतला नावाहो प्रदेश पाळतो. सप्टेंबरात युटा आणि अ‍ॅरिझोनात तासाचा फरक पडतो, त्यामुळे कॅमेरूनच्या आसपास फोनवर विसंबून कुठली वेळ गाठायची ठरवू नका.

चौथी_सीट | ३ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

बुकिंगचं: रेक्रिएशन डॉट गव्हवरची बरीच कॅम्पग्राउंड सहा महिने आधी, त्याच तारखेला, पूर्वेकडच्या वेळेनुसार सकाळी १० ला उघडतात. डेन्व्हरला तेव्हा ८ वाजलेले असतात. म्हणजे २० सप्टेंबरची झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडची जागा हवी असेल तर २० मार्चला आठच्या आधी लॉगिन करून, जागेचा क्रमांक ठरवून बसायचं. 'बघू कुठली मिळते' म्हणत शोधत बसलात तर तोवर जागा जाते. वॉचमनला विजेच्या जोडणीच्या जागा आहेत.

फिशिंग ब्रिज आणि ग्रँड टेटनमधलं कोल्टर बे आरव्ही पार्क (आरव्ही म्हणजे कॅम्परसारखी राहायची गाडी) ही ठेकेदारांकडे आहेत, त्यांचं बुकिंग त्याहून बरंच आधी सुरू होतं. म्हणजे तुम्हाला आत्ताच उशीर झालाय, आजच बघा. जागा नसेल तर रद्द झालेल्या उघडतात. मुक्कामाच्या दोन-तीन आठवडे आधी रोज सकाळी एकदा बघायचं.

ग्रँड कॅन्यनला दोन पर्याय: ट्रेलर व्हिलेज (तिन्ही जोडण्या) आणि मॅदर (एकही नाही, ३० फुटांपर्यंत). रद्द झालेल्या जागा मॅदरला जास्त उघडतात.

पास: दोघंही ६२ च्या वर आणि ग्रीनकार्डवाले, म्हणजे आजन्म सीनियर पास ८० डॉलरला. त्यावर प्रवेश फुकट आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडला भाडं निम्मं. एकाच्या नावाचा पुरतो, पास त्या गाडीतल्यांना लागू होतो.

सिंहगड_रोड | ३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

धाग्याला जोडून विचारतो. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येताहेत. त्यांनाही ८० चाच पास ना?

चौथी_सीट | ३ फेब्रुवारी, दुपारी १:५०

नाही. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलर झालाय. पास नसेल तर अकरा पार्कांमध्ये १६ वर्षं आणि त्यावरच्यांना प्रत्येकी १०० डॉलर जादा, नेहमीच्या प्रवेशाखेरीज. त्या अकरात यलोस्टोन, ग्रँड टेटन, ग्लेशियर, रॉकी माउंटन, झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, सिक्वोया-किंग्ज कॅन्यन, अकेडिया आणि एव्हरग्लेड्स येतात.

हिशोब करा: दोघं एकट्या यलोस्टोनला गेले तर २०० अधिक गाडीचे ३५, म्हणजे २३५. दुसरं पार्क जोडलं की २५० चा पासच स्वस्त. सीनियर पास मात्र फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. निवासी पास घेताना इथलं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, तेव्हा मुलाच्या नावाने पास काढून आई-बाबांना पाठवणं चालणार नाही.

नट_बोल्ट | ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

टाक्या आणि विजेचं माझ्याकडे. लांब होईल.

गाडीत तीन टाक्या: ताजं पाणी सुमारे ४० गॅलन, ग्रे (सिंक-आंघोळ) आणि ब्लॅक (संडास) प्रत्येकी ३० च्या आसपास. आकडे गाडीप्रमाणे बदलतात, दारामागच्या स्टिकरवर बघा.

ब्लॅकची टाकी ३० गॅलन म्हणजे ११३ लिटर. आपण पाणी वापरणारी माणसं. फ्लशचं दीड लिटर अधिक एक मग धरला तर दर खेपेला अडीच लिटर. दोघांच्या मिळून दिवसाला १२ खेपा म्हणजे ३० लिटर. पावणेचार दिवसांत टाकी भरली. म्हणून दर तिसऱ्या दिवशी रिकामी करायची जागा मार्गावर धरा. भिंतीवरच्या दिव्यांवर विश्वास नको. आतल्या संवेदकाला कागद चिकटला की तो कायम 'दोन तृतीयांश' दाखवतो. दिवस मोजा. पाणी जास्त जातं याचा फायदाही आहे: टाकीत घट्ट साका बसत नाही. कागद वापरलाच तर एकपदरी, पाण्यात विरघळणारा. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकायचे नाहीत.

सगळ्यात मोठी चूक: तिन्ही जोडण्यांच्या जागी गेलं की पाइप जोडून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून देणं. पाणी लगेच वाहून जातं, घन भाग मागे राहतो आणि संडासाच्या बरोबर खाली ढीग तयार होतो. तो वाळला की नुसतं पाणी सोडून हलत नाही. व्हॉल्व्ह बंदच, दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची. तो लोंढाच टाकी धुतो.

क्रम असा. हातमोजे. पाइपचं जमिनीकडचं टोक आधी बसवा, त्यावर वजन ठेवा किंवा आटे आवळा. मग गाडीकडचं टोक, त्याचे दोन्ही कान टोपणाच्या खुंट्यांत अडकले का हाताने हलवून बघा. एकच कान अडकतो आणि व्हॉल्व्ह ओढला की जे होतं ते सांगायला नको. गाडीच्या तोंडाशी पारदर्शक कोपरा लावा, म्हणजे आत काय वाहतंय ते दिसतं. आधी ब्लॅक ओढा. घळघळ आवाज येतो, मंदावतो, थांबतो. कोपऱ्यात पाणी नितळ दिसेपर्यंत वरून दोन-तीन बादल्या ओता. ब्लॅक बंद करा, मग ग्रे ओढा. साबणाचं पाणी त्याच पाइपातून जाऊन पाइप धुतला जातो. क्रम उलटा केला तर पाइप घाण राहतो. शेवटी संडासातून दोन गॅलन पाणी आणि औषधाची पुडी आत. कोरडी टाकी ठेवली की पुन्हा ढीग.

पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी किंवा निळी, ती वेगळ्या पिशवीत. डंपस्टेशनवर जी उघडी नळी लटकते ती पाइप धुवायची, तिने पिण्याचं पाणी भरायचं नाही. नळाला प्रेशर रेग्युलेटर, ४० ते ५० पीएसआय. काही कॅम्पग्राउंडला दाब बराच जास्त असतो आणि गाडीतल्या प्लास्टिकच्या जोडांना तो सोसत नाही.

आता वीज. ३० अँपिअर, १२० व्होल्ट: एकूण ३६०० वॅट. छतावरचा एसी १३ अँपिअर, मायक्रोवेव्ह १२, विजेची किटली १२.५, बॅटरी चार्ज होताना ५. एसी, किटली आणि चार्जर म्हणजे ३०.५. ब्रेकर पडला. चहा करताना एसी बंद, इतकं साधं आहे. भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा, तो इथे नुसता गुरगुरतो. इथला १२० चा घ्या किंवा वाटण करून गोठवून न्या.

जनरेटर ४ किलोवॉटचा असतो आणि गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, तासाला अर्धा गॅलन धरा. टाकी पावच्या खाली गेली की तो बंद पडतो. बिघाड नाही; त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते, तुम्ही रानात अडकू नये म्हणून.

नट_बोल्ट | ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

राहिलं: यलोस्टोनला सप्टेंबरात रात्री शून्याखाली जातं. झोपण्याआधी पाण्याची नळी काढून रिकामी करा, आतली टाकी भरून पंपावर चालवा. हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, ७-८ अँपिअर. जोडणी नसलेल्या जागी १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतलं निम्मंच वापरायचं, म्हणजे सहा-सात तासांचा पंखा. हीटर १५ अंशांवर लावून दोन गोधड्या घ्या. सकाळी व्होल्टमीटरवर १२.० च्या खाली आकडा दिसला तर बॅटरी निम्म्याखाली गेलीय.

आणि मॅदरला जनरेटर वाट्टेल तेव्हा चालत नाही, ठरावीक तासच. पाटी वाचा.

तांबडा_रस्सा | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

स्वयंपाकघर. इथेच घोडं पेंड खातं, कारण या गाड्या फोडणीसाठी बनलेल्या नाहीत.

शेगडीवरचा पंखा बऱ्याच गाड्यांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत आतच सोडतो. मोहरी तडतडली, मिरची पडली की दोन मिनिटांत धुराचा अलार्म. तेल तापवण्याआधी छताचं झाकण उघडा, त्याचा पंखा बाहेर फेकायच्या दिशेने, आणि समोरची एक खिडकी चार बोटं उघडी, म्हणजे हवा खेचली जाते. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नाही. तुम्ही त्याच खोलीत झोपणार आहात. जमिनीलगत जो दुसरा अलार्म असतो तो प्रोपेनचा. प्रोपेन हवेहून जड, म्हणून खाली. त्याच्यासमोर चपलांचा ढीग लावू नका.

बाहेर फोडणी करायची तर छोटी शेगडी घ्या, पण ब्युटेनच्या डब्याची नको. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतं, यलोस्टोनच्या सकाळी ज्योत फुरफुरून विझते. प्रोपेनची घ्या, ती उणे चाळीसपर्यंत चालते. आणि अस्वलांच्या प्रदेशात बाहेर काही म्हणजे काही ठेवायचं नाही: रिकामा कुकर, तेलाची बाटली, पुसलेलं फडकं, सगळं आत. रेंजर दंड करतात.

उंची. फिशिंग ब्रिज ७,८०० फुटांच्या आसपास. उघड्या पातेल्यात पाणी ९२ अंशांना उकळतं, भात शिजतो पण कणी राहते. कुकरमध्येही आतलं तापमान १२० ऐवजी ११६ च्या आसपास पोचतं, कारण शिट्टी बाहेरच्या हवेच्या वर दाब धरते आणि ती हवाच विरळ आहे. तूरडाळ तासभर भिजवा, तीनऐवजी पाच शिट्ट्या. राजमा-छोले तिथे करूच नका, डेन्व्हरहून शिजवून गोठवून न्या. ३ लिटरचा कुकर पुरे. शेगडीच्या बर्नरांत अंतर कमी असतं, ५ लिटरचा ठेवला की शेजारी तवा बसत नाही.

खरकटं सिंकमध्ये जाऊ द्यायचं नाही. आमटीची ताटली आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. तेल-तूप ग्रे टाकीच्या भिंतीला थर धरतं, चार दिवसांनी सिंकमधून वास येतो आणि लोक ब्लॅकला दोष देतात. पोह्याचा एक दाणाही जाळीत अडकला पाहिजे, जाळी बारीक घ्या.

फ्रीज: जुन्या पद्धतीचा गॅसवरचा असेल तर तो गार व्हायला सहा ते बारा तास घेतो. गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी आधी फ्रीज चालू, सामान दुसऱ्या दिवशी, तेही आधीच गार केलेलं. मुक्कामावर गाडी समतल लागते. तिरपी राहिली तर आतला द्रव फिरत नाही आणि फ्रीज हळूहळू मरतो. बुडबुड्याची पातळी बघून चाकाखाली पिवळे ठोकळे.

सॉल्टलेकची_सून | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

नातेवाईकांच्या दारात. यावर कुणी लिहीत नाही आणि रुसवेफुगवे इथेच होतात.

काकू, भाचीला आधी एक प्रश्न विचारा: तुमच्या वसाहतीच्या एचओएचा (घरमालकांच्या संघटनेचा) कॅम्परबद्दल नियम काय? बऱ्याच ठिकाणी २४ किंवा ४८ तासांचीच मुभा असते, काही ठिकाणी आधी कळवलं तर वाढवतात. शहराचा रस्त्यावर लावण्याचा नियम वेगळा. शेजाऱ्याने तक्रार केली तर दंडाची चिठ्ठी भाचीच्या नावावर येते, तुमच्या नाही.

मग तिच्याकडून चार फोटो मागवा: ड्राइव्हवे समोरून, बाजूने (उतार दिसेल असा), वरची झाडं-तारा आणि गॅरेजमधला प्लग. लांबीही मोजायला सांगा. २५ फुटांची गाडी फुटपाथवर आली तर तोही गुन्हाच.

उतार बघायचं कारण मागचा लोंबता भाग. मागच्या चाकापासून शेपटीपर्यंत ८-९ फूट असतात. गटाराच्या खोलगटात चाक उतरलं की शेपटी टेकते, बंपरखालची टाकीची नळी घासते. तिरकं आत जायचं किंवा खोलगटात दोन फळ्या टाकायच्या. हीच शेपटी वळताना उलट्या बाजूला सरकते: दर तीन फूट लोंबत्या भागाला साधारण एक फूट. डावीकडे वळलात की उजवीकडची टपालपेटी जाते. पेट्रोलपंपावर पिवळा खांब लागतो तोही असाच.

वीज: घरच्या साध्या प्लगवर १५ अँपिअर, त्यातले सलग १२ च वापरायचे. त्यावर फ्रीज आणि बॅटरी चार्जर चालतो. एसी नाही. वायर १० किंवा १२ गेजची, जमेल तितकी आखूड. बागेतली नारिंगी पातळ वायर लावलीत तर प्लग तापून वितळतो. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर काढा.

शिवाय कुणी हौशी भाचेजावई 'खास तुमच्यासाठी ३० अँपिअरचा प्लग बसवून घेतलाय' म्हणाला तर आधी मल्टीमीटर. तीन पिनांचा हा प्लग जुन्या ड्रायरच्या प्लगसारखा दिसतो, म्हणून अनोळखी वायरमन त्यात २४० व्होल्ट सोडतो. गाडीला १२० लागतात. एका सेकंदात मायक्रोवेव्ह, चार्जर, टीव्ही सगळं जातं. मधे संरक्षक यंत्र लावलं की ते चुकीचा दाब आत घेतच नाही. भाड्याच्या गाडीसोबत मिळत नाही, स्वतःचं घ्या.

आणि टाक्या त्यांच्याकडे जाण्याआधी रिकाम्या करून जा. त्यांच्या आवारात काहीही सोडायचं नाही. आंघोळ-संडास घरातला वापरा, रात्री झोपायला गाडी. पाहुणचारही होतो आणि त्यांची बैठकीची खोलीही अडत नाही.

घाटरस्ता | ४ फेब्रुवारी, दुपारी ४:१२

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त फिनिक्सबद्दल भर: ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही तिथे दुपारी ३५ ते ४० अंश असतं. एसीशिवाय ड्राइव्हवेवरच्या गाडीत झोपणं शक्य नाही. तिथे भावाच्या घरातच झोपा किंवा जवळच्या आरव्ही पार्कात ३० अँपिअरवर लावा.

जर्सीतला_कोकणी | ४ फेब्रुवारी, रात्री ८:२५

अवांतर, पण हा धागा वाचून कुणी पूर्व किनाऱ्यावर मावशीकडे निघेल म्हणून. नेहमीच्या नकाशा-अ‍ॅपला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटच्या पार्कवेंवरचे दगडी पूल कमी उंचीचे आहेत, तुमची गाडी ११-१२ फूट. पार्कवे हा शब्द दिसला की थांबून चौकशी. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही. पूर्वी तिथल्या 'की ब्रिज' नावाच्या पुलावरून जायचे, तो २६ मार्च २०२४ ला पडला. आता ६९५ या शहराभोवतीच्या महामार्गाच्या पश्चिम बाजूने वळसा. ट्रकसाठीचं जीपीएस घ्या, त्यात उंची-रुंदी-गॅस भरता येतं.

चौथी_सीट | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

पैशांचं कुणी लिहिलं नाही. ग्लेशियर काढल्यावर डेन्व्हर ते फिनिक्स, इकडचं तिकडचं धरून २,५०० मैल. मायलेज गॅलनला ८.५ मैल. २९४ गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर १,०३० च्या आसपास. फिनिक्सहून डेन्व्हरला गाडी परत आणणं आणखी ८६० मैल म्हणजे १०० गॅलन, शिवाय तीन-चार दिवसांचं भाडं आणि दर मैलाचे पैसे. एकतर्फी सोडायचा आकार त्याच्याशी ताडून बघा, बहुतेकदा सोडणं परवडतं आणि विमानाने दोन तासांत परत येता.

पेट्रोल: डोंगराळ राज्यांत पंपावर ८५ ऑक्टेन सगळ्यात स्वस्त दिसतं. गाडीला ८७ लागतं. भरताना प्रोपेन बंद, कारण फ्रीज किंवा गीझरची ठिणगी तेव्हाच उडू शकते.

विमा: क्रेडिट कार्डाचा भाडेगाडीचा विमा आरव्हीला बहुधा लागू नसतो, आणि भाडेकंपनीच्या नुकसान-माफीतून छत आणि खालचा भाग बरेचदा वगळलेला असतो. म्हणजे नेमकं जे लागतं तेच. करारात ती दोन वाक्यं शोधून वाचा. गाडी घेताना छतासकट व्हिडिओ काढा, टायरवरचा चार आकडी शिक्का बघा (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, असा टायर बदलून मागा).

दोन_बॅगा | ५ फेब्रुवारी, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. ग्लेशियर काढलं. फिनिक्सला गाडी सोडून विमानाने परत. फिशिंग ब्रिजला चार रात्री मिळाल्या, १४ ते १८ सप्टेंबर. कोल्टर बेला जागा नाही, रोज बघणार. भाचीकडे एचओए ४८ तास म्हणतं, त्यामुळे तिथे दोन रात्री दारात आणि तीन जवळच्या आरव्ही पार्कात.

एकच शंका राहिली. जॅक्सनहून सॉल्ट लेकला जाताना आमचे हे म्हणतात आधी उत्तरेला रॉक स्प्रिंग्जकडून ८० नंबरचा मोठा रस्ता धरू, सरळ आणि रुंद आहे. भाची म्हणते नको.

घाटरस्ता | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

रॉक स्प्रिंग्ज जॅक्सनच्या दक्षिणेला आहे, पण मुद्दा तो नाही. भाचीचं ऐका. वायोमिंगमधल्या ८० वर आडवा वारा असतो, आणि ताशी ४० मैलांच्या झोताने ही उंच, हलकी पेटी शेजारच्या लेनमध्ये सरकते. हलक्या उंच गाड्यांना बंदीची पाटी लागली की तिथेच थांबावं लागतं. आल्पाइनवरून ८९ धरा, स्टार व्हॅली, मग लोगन. पावणेतीनशे मैल, मध्ये बेअर लेकपाशी एक रात्र. लोगन कॅन्यनमध्ये वळणं आहेत, पण सकाळी निघालात तर समोरून वाहतूक कमी. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा: छताची झाकणं, अँटेना, पायरी, बाजूचं उघडणारं कापडी छत, पाण्याची नळी, विजेची वायर. फेरी एकाने मारायची, दुसऱ्याने चावी हातात घेऊन बाहेर उभं राहायचं.